५८९ बळी, पण कसोटी एकही नाही

आदिलाबादमध्ये रविवारची दुपार कलली की मोकळ्या मैदानांवर टेनिस बॉलच्या मॅचेस सुरू होतात. अपील मराठीत होतं, धावा तेलुगूत मोजल्या जातात आणि पंचाशी वाद दख्खनी उर्दूत घातला जातो. अशा प्रत्येक मैदानावर एक तरी गोलंदाज असा असतो, की त्याच्या हातात चेंडू आला की काठावर बसलेली माणसं गप्पा थांबवतात. वय पस्तिशीच्या पुढे, पायात साधे कॅनव्हासचे बूट, चार पावलांची धाव, आणि चेंडू मनात धरलेल्या जागीच पडतो. षटक संपलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "हा रणजीला खेळायला पाहिजे होता."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मग का नाही खेळला, असं मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर नशीब, वशिला, गरिबी ही तीन उत्तरं तयार असतात. ती खोटी नाहीत, पण त्यांनी कोडं सुटत नाही. कारण हेच कोडं शिडीवर खूप वर चढलेल्या माणसांच्या बाबतीतही तसंच उरतं.

मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचंच बघा. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, एका बळीमागे सरासरी १९.६९ धावा. एका डावात पाच किंवा जास्त बळी ४२ वेळा, एका सामन्यात दहा किंवा जास्त १३ वेळा. भारताकडून खेळलेल्या कसोटी सामन्यांची संख्या शून्य. इथे वशिल्याचं उत्तर चालत नाही. ते त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य संघातून खेळत होते, आणि त्या संघाचे कर्णधार अजित वाडेकर हेच काही वर्षं भारताचेही कर्णधार होते. गुणवत्तेबद्दल तर कुणालाच शंका नव्हती.

याचं उत्तर शोधायचं तर सगळ्यांत वरच्या पातळीच्या लगेच खालची पातळी, म्हणजे दुसरी पायरी, चालते कशी ते समजून घ्यावं लागतं. आपण टीव्हीवर पहिली पायरी पाहतो. दुसऱ्या पायरीवर माणसं वीस-वीस वर्षं काढतात, घाम गाळतात, म्हातारी होतात, आणि तिचे नियम आपल्याला ठाऊक नसतात. ते नियम सर्वांत उघडपणे दिसतात ते अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. म्हणून आधी तिकडे जाऊन येऊ.

पायऱ्यांवर नावं लिहिलेली शिडी

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो धावत येत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहतो आणि १८.४४ मीटर अंतरावरच्या बॅटवाल्याकडे चेंडू थेट फेकतो. चेंडूला टप्पा नाही. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो.

अमेरिकेत सर्वांत वर आहे ती मेजर लीग, तिचे ३० संघ. प्रत्येक संघाच्या खाली त्याचेच चार शाखा-संघ असतात आणि त्यांना पातळीनुसार नावं आहेत: ट्रिपल-ए, त्याखाली डबल-ए, मग हाय-ए आणि सिंगल-ए. असे एकूण १२० संघ. त्याहीखाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नवशिक्यांच्या स्पर्धा. या सगळ्या खालच्या इमारतीला मायनर लीग म्हणतात. एखाद्या मोठ्या शिक्षणसंस्थेची गावोगावी बालवाडीपासून कॉलेजपर्यंत शाखा असावी आणि विद्यार्थी कुठल्या वर्गात बसणार हे मुख्य कार्यालयाने ठरवावं, तशी ही रचना आहे. फरक एवढाच, की इथे वर्ग वर्षाअखेरीला बदलत नाही. मंगळवारी रात्री व्यवस्थापक बोलावून घेतो आणि बुधवारी खेळाडू दुसऱ्या गावी हजर असतो, कधी वरच्या, कधी खालच्या.

आता गणित पाहा. मेजर लीगच्या संघात एका वेळी २६ खेळाडू असतात आणि त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर. त्या संघाच्या छत्राखाली शिडीच्या सगळ्या पायऱ्या मिळून दीडशेच्या वर खेळाडू, त्यांतले निम्म्याच्या आसपास पिचर. म्हणजे तेरा खुर्च्या आणि बाहेर ऐंशीच्या घरातली रांग. दरवर्षी नवी भरती होते, म्हणून रांग मागून वाढत राहते. मायनर लीगमध्ये पाय ठेवणाऱ्या दहांपैकी नऊ जण वर कधीच पोचत नाहीत, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो.

या शिडीवर आपल्याकडची दोन मुलं चढली होती. रिंकू सिंह आणि दिनेश पटेल, दोघंही उत्तर प्रदेशातले, दोघंही भालाफेकपटू. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या स्पर्धेत देशभरातल्या हजारो मुलांकडून बेसबॉल फेकून घेतला गेला आणि मुंबईत झालेल्या अंतिम फेरीत डावखुऱ्या रिंकूने ताशी १४० किलोमीटरच्या आसपास वेग गाठून एक लाख डॉलर जिंकले. तोपर्यंत या दोघांनी बेसबॉलचा सामना पाहिलेलाही नव्हता. लॉस एंजेलिसला नेऊन काही महिन्यांत त्यांना खेळ शिकवला गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने दोघांशी करार केला. २०१४ मध्ये डिस्नेने त्यावर चित्रपट काढला, त्याला ए. आर. रहमान यांचं संगीत होतं.

चित्रपट कराराच्या आसपास संपतो. खरी कारकीर्द तिथून सुरू झाली. दोघांना सर्वांत खालच्या पायरीवर, फ्लोरिडातल्या नवशिक्यांच्या लीगमध्ये बसवलं गेलं. जुलै २००९ मध्ये रिंकूच्या नावावर विजय लागला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये असा विजय मिळवणारा तो पहिला भारतीय. दिनेशला २०१० च्या अखेरीस संघाने मोकळं केलं. रिंकू एकेक पायरी चढत वेस्ट व्हर्जिनियातल्या सिंगल-ए संघापर्यंत गेला, आणि तिथे त्याच्या कोपराने दगा दिला. मेजर लीग त्याला दिसलीच नाही. २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला आणि पुढे वीर महान या नावाने ओळखला जाऊ लागला.

गोफण आणि दोर

कोपरच का, हे समजायला आमच्याकडचं जोंधळ्याचं शेत आठवा. माळ्यावर उभा राहिलेला राखणदार गोफण फिरवतो तेव्हा तो दगड हाताने फेकत नाही. अंगाचा झोका खांद्याला, खांद्याचा हाताला, हाताचा दोरीला आणि दोरीचा दगडाला मिळतो. मागचा भाग थांबतो तेव्हा त्याचा वेग पुढच्या, हलक्या भागात जातो.

पिचरचं शरीर हीच गोफण आहे. पुढचा पाय जमिनीत रोवला की कंबर फिरते, कंबर थांबली की छाती फिरते, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट आणि बोटं. चांगल्या पिचरचा खांदा चेंडू सुटण्याच्या क्षणी सेकंदाला सात हजार अंशांच्या वेगाने आत फिरतो, म्हणजे तो तसाच फिरत राहिला तर सेकंदाला जवळपास वीस फेऱ्या होतील. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे.

या झटक्यात कोपराच्या आतल्या बाजूला, दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं हाड एकत्र धरून ठेवणारी एक चिवट पट्टी ताणली जाते. तिला अस्थिबंध म्हणतात. विहिरीच्या रहाटाचा दोर एका दिवसात तुटत नाही, रोजच्या घासण्याने त्याचे धागे एकेक करून सुटतात आणि एके सकाळी भरलेल्या पोहऱ्यासकट तो खाली जातो. कोपराचंही तसंच. म्हणूनच पिचर रोज खेळत नाही. सुरुवातीपासून चेंडू टाकणारा पिचर सामन्यात शंभराच्या आसपास चेंडू टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो.

१९७४ पर्यंत ही पट्टी तुटली की कारकीर्द संपली असं धरून चालत. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या दुसऱ्या हातातली एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून कोपरात ओवली. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे, आणि रिंकूलाही ती करून घ्यावी लागली.

ही कंडरा तुम्ही आत्ता स्वतःच्या हातावर पाहू शकता. तळहात वर करा, अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध कातडीखाली एक दोरी उठून दिसेल. काही लोकांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काहीही अडत नाही. म्हणूनच ती काढून दुसरीकडे वापरता येते. शस्त्रक्रियेनंतर परतायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. मेजर लीगमधल्या खेळाडूचा पगार त्या काळात चालू असतो आणि त्याची खुर्ची राखलेली असते. सिंगल-एमधल्या मुलाच्या मागची रांग त्याच्यासाठी थांबत नाही. दुखापत एकच, पण खालच्या पायरीवर तिची किंमत वेगळी.

क्रिकेटमध्ये हात वाकवून फेकायला बंदी आहे. चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. त्यामुळे क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजाचं कोपर वाचतं, पण तो भार पाठीच्या मणक्यावर आणि पुढच्या गुडघ्यावर जातो. फिरकी गोलंदाजाला यांतलं फारसं काहीच सोसावं लागत नाही. त्याच्या बोटांची सालं निघतात, खांदा दुखतो, पण योग्य शैली असेल तर तो वर्षानुवर्षं टाकत राहतो. शिवलकर निवृत्तीनंतर १९८७-८८ च्या हंगामात मुंबईसाठी पुन्हा मैदानात उतरले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते! शरीराने त्यांना कधीच अडवलं नाही. त्यांना अडवलं ते रांगेने.

बसमध्ये चालकाची जागा एकच

क्रिकेटच्या अकरा जणांत गोलंदाज चार किंवा पाच, आणि त्यांत एकाच प्रकारचे दोन सहसा घेत नाहीत. डावखुरा फिरकी गोलंदाज उजव्या फलंदाजाला चेंडू बाहेर काढतो, ऑफ-स्पिनर आत आणतो. कर्णधाराला दोन्ही हवे असतात, म्हणून डावखुऱ्या फिरकीची जागा साधारणपणे एकच. एस.टी.त चालकाच्या आसनासारखी. गाडी चालवायला येणारे वीस जण प्रवासी म्हणून बसलेले असतील, पण स्टिअरिंगसमोर एकच बसणार.

शिवलकरांचा जन्म १९४० चा. शिवाजी पार्कच्या मातीत घडले, विनू मांकड यांच्यासारख्या जाणकाराचं मार्गदर्शन लाभलं. १९६०च्या दशकात मुंबईच्या संघातच बापू नाडकर्णी होते, तेही डावखुरे फिरकी गोलंदाज, निर्धाव षटकांचे बादशहा. नाडकर्णी १९६८ मध्ये निवृत्त झाले तोवर भारतीय संघातली खुर्ची भरली होती. ३१ डिसेंबर १९६६ ला सुरू झालेल्या कोलकात्याच्या कसोटीत बिशनसिंग बेदी आले आणि १९७९ पर्यंत राहिले. ६७ कसोटी, २६६ बळी. बेदी शिवलकरांपेक्षा सहा वर्षांनी लहान. रांगेत आपल्या पुढे उभा असलेला माणूस वयाने आपल्यापेक्षा लहान असेल, तर तो निवृत्त होण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. ही साधी गोष्ट आकडेवारीत कुठेच लिहिलेली नसते, आणि कारकिर्दीचा निकाल तीच लावते.

या रांगेत शिवलकर एकटे नव्हते. हरियाणाचे राजिंदर गोयल, तेही डावखुरे फिरकीपटू. ७५० प्रथम श्रेणी बळी. रणजी करंडकात सर्वाधिक बळींचा विक्रम त्यांच्याच नावावर. १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगळूर कसोटीत बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळलं गेलं आणि गोयल यांना बोलावलं. सामन्याच्या सकाळी अकरा नावं जाहीर झाली त्यांत प्रसन्ना, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर हे फिरकीपटू होते. गोयल नव्हते. पुढच्या कसोटीला बेदी परतले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर हात टेकला आणि निसटला, यापेक्षा जवळ जाता येत नाही.

बेदी गेल्यावर १९७९ मध्ये खुर्ची मोकळी झाली तेव्हा शिवलकर एकोणचाळीस वर्षांचे होते. ती दिलीप दोशींना मिळाली, वयाच्या एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी, आणि त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेतले. दोशींचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तेही बेदींच्या सावलीत थांबलेले होते, पण त्या काळात इंग्लंडमध्ये काउंटी क्रिकेट खेळत होते. त्यांना दुसरा दरवाजा सापडला होता.

चेपॉकचे दोन दिवस आणि एक चेंडू

दुसऱ्या पायरीवरचा खेळ दुसऱ्या दर्जाचा असतो असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना डोळ्यांसमोर आणावा. चेपॉकवर मुंबई विरुद्ध तामिळनाडू. तामिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार अशी फिरकीची जोडी, आणि खेळपट्टी फिरकीला साथ देणारी. मुंबईचा डाव १५१ वर आटोपला. मग शिवलकरांनी चेंडू हातात घेतला.

त्यांच्या गोलंदाजीत दिखाऊ काहीच नव्हतं. छोटी, लयीतली धाव, उंच हात, आणि एकाच जागी पडत राहणारा चेंडू. पण तो प्रत्येक वेळी थोडा वेगळा वागे. फिरणारा चेंडू हवेतून जाताना आपल्या पृष्ठभागाबरोबर हवेचा पातळ थर ओढत नेतो. त्यामुळे चेंडूच्या मागची हवा एका बाजूला वळते आणि चेंडू उलट बाजूला ढकलला जातो. पिचरचा ‘कर्व्हबॉल’ हवेत वाकतो तोही याच नियमाने. फिरकी गोलंदाज बोटांनी फेरे कमी-जास्त करून हा ढकलण्याचा जोर बदलतो, म्हणून एक चेंडू फलंदाजाला वाटला त्यापेक्षा आधी खाली येतो, दुसरा थोडा वाहत जातो. जागा तीच, हाताची हालचाल तीच, फक्त फेरे निराळे. फलंदाजाला फरक कळतो तेव्हा बॅट पुढे गेलेली असते.

तामिळनाडू सर्वबाद ८०. शिवलकर १६ धावांत ८ बळी. मुंबईचा दुसरा डाव ११३. तामिळनाडू दुसऱ्यांदा ६१. शिवलकर १८ धावांत ५ बळी. सामन्यात ३४ धावा देऊन १३ बळी. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर खेळ संपला आणि मुंबईने सलग पंधराव्यांदा करंडक जिंकला. ज्या मुंबईच्या फलंदाजांची नावं आपण आजही घेतो, त्या मुंबईला तो करंडक एका गोलंदाजाने जिंकून दिला होता. बेसबॉलच्या भाषेत सांगायचं तर ट्रिपल-एमधल्या पिचरने संघाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा सामना एकट्याने ओढून काढला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला वरून फोन आला नाही.

चौकट : दोन शिड्या, एक फरक

अमेरिकेत वरच्या पायरीवर ३० संघ आहेत. एका संघात जागा नसेल तर दुसऱ्यात असू शकते. एखाद्या खेळाडूला मुख्य यादीत ठेवून सारखं वर-खाली पाठवायचं, तर ते साधारण तीन हंगामच करता येतं. त्यानंतर त्याला खाली पाठवायचं झालं तर आधी इतर संघांना तो उचलण्याची संधी द्यावी लागते. शिवाय ठरावीक वर्षं मायनर लीगमध्येच राहिलेल्या खेळाडूंना दुसरे संघ वार्षिक निवडीत घेऊ शकतात. थोडक्यात, चांगला माणूस अडगळीत ठेवून घ्यायला नियमांचा विरोध आहे.

भारतीय क्रिकेटमध्ये रणजी करंडकात ३८ संघ आहेत, पण त्यांच्या वर संघ एकच. शिवलकरांच्या काळात त्या एका दरवाजाशिवाय दुसरा दरवाजा इथे नव्हता.

वाट बघायला पैसे लागतात

रांगेत उभं राहायचं तर त्या काळात घर कसं चालवायचं? दुसऱ्या पायरीची लांबी शेवटी या प्रश्नावर ठरते.

मायनर लीगमध्ये अगदी अलीकडेपर्यंत अनेक खेळाडूंना वर्षाला पंधरा हजार डॉलरही मिळत नव्हते. हंगाम संपला की ती मुलं गोदामात पेट्या उचलत. २०२२ मध्ये त्यांची संघटना झाली आणि २०२३ च्या करारात किमान वेतन ठरलं: सर्वांत खाली वर्षाला १९,८०० डॉलर, ट्रिपल-एमध्ये ३५,८००. त्याच वर्षी मेजर लीगमधलं किमान वेतन होतं ७,२०,००० डॉलर. म्हणजे शेवटची एक पायरी चढली की पगार वीसपट. खेळाडू पस्तिशीपर्यंत दुखरं कोपर घेऊन का थांबतात, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

मुंबईने यावर वेगळाच तोडगा काढला होता. बँका, गिरण्या, कंपन्या आपले संघ बाळगत, खेळाडूला नोकरी देत, आणि टाइम्स शील्डसारख्या स्पर्धांत ते संघ एकमेकांशी भिडत. पावसाळ्यात कांगा लीग, हिवाळ्यात रणजी, आणि महिन्याच्या एक तारखेला पगार. सामन्यांचं मानधन नगण्य होतं, पण नोकरीमुळे पस्तीस-चाळीस वर्षांपर्यंत खेळत राहणं शक्य झालं. मुंबई क्रिकेटच्या वैभवाचं श्रेय आपण खडूसपणाला देतो. मला वाटतं त्याचा निम्मा वाटा या एक तारखेच्या पगाराला जातो.

या व्यवस्थेचं सर्वांत आश्चर्यकारक फळ म्हणजे प्रवीण तांबे. लेगस्पिनर, ऑफिस क्रिकेट आणि कांगा लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळलेले, तोवर मुंबईच्या रणजी संघाचं दार न उघडलेले. २०१३ मध्ये वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ते राजस्थान रॉयल्सकडून थेट आयपीएलमध्ये उतरले. तोवर त्यांनी एकही प्रथम श्रेणी सामना खेळला नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी हॅट्‌ट्रिकही घेतली. दरवाजांची संख्या वाढली की रांगेतल्या कुणाकुणाला आत येता येतं, याचा हा जिवंत पुरावा. आयपीएलवर कितीही टीका करावी, तिने दुसऱ्या पायरीवरच्या माणसांसाठी दहा नवे दरवाजे बसवले.

आज रणजीतलं मानधनही बदललं आहे. २०२१ च्या निर्णयानुसार ४० पेक्षा जास्त सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६०,००० रुपये, २१ ते ४० सामने खेळलेल्याला ५०,००० आणि त्याखालच्याला ४०,०००. चार दिवसांचे सात साखळी सामने धरले तर २८ दिवस, म्हणजे जुन्या खेळाडूला पावणेसतरा लाखांच्या वर आणि नवख्याला सव्वाअकरा लाखांच्या आसपास. अट एकच, अकरात असायला हवं. राखीव खेळाडूला निम्मं. म्हणजे रांग इथेही आहेच.

पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे

आता आमच्या मैदानावरच्या त्या गोलंदाजाकडे परत येऊ. त्याची शिडी कुठली, हे त्याच्या हातापेक्षा एका नदीने जास्त ठरवलं. आदिलाबादहून उत्तरेला निघालं की बोरजनंतर पैनगंगा लागते. पुलापलीकडे पिंपळखुटी, मग पांढरकवडा, यवतमाळ जिल्हा. बोली तीच, पीक तेच कापसाचं, सोयरीक दोन्हीकडे. पण पलीकडचं पोर विदर्भाच्या क्रिकेट संघटनेत मोडतं, जिच्याकडे अकरा जिल्हे आहेत आणि जिचं मैदान आदिलाबादहून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. अलीकडचं पोर हैदराबादच्या संघटनेत, तीनशे किलोमीटरवर. तिचा गाडा पहिल्यापासून मुख्यतः शहरातल्या क्लबांवर चालत आला. जिल्ह्यातल्या मुलाला निवड समितीच्या नजरेत यायचं तर आधी हैदराबादेतला एखादा क्लब गाठावा लागतो, खोली घ्यावी लागते, महिना काढावा लागतो. वर सांगितलेला पैशाचा प्रश्न इथे सतराव्या वर्षीच समोर येतो.

आणि हैदराबादची रांगही छोटी नाही. ऑफ-स्पिनर कंवलजित सिंग यांनी त्या संघासाठी साडेतीनशेहून जास्त प्रथम श्रेणी बळी मिळवले, चाळिशीपर्यंत खेळले, आणि भारताची टोपी त्यांना मिळाली नाही.

पलीकडे काय घडलं तेही पाहा. विदर्भाचा संघ अनेक दशकं तळाला असे. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ मध्ये रणजी खेळला आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटी. संघटनेने जिल्ह्यांतून मुलं शोधली, अकादमी चालवली, आणि २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन रणजी करंडक आणले. दुसऱ्या विजयात सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात ११ बळी घेतले ते आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने. शिवलकरांचीच कला.

पुढे सरवटेंनी २०२४-२५ च्या हंगामात केरळकडून खेळायचं ठरवलं. आता एका राज्याचा खेळाडू परवानगी घेऊन दुसऱ्या राज्याकडून खेळू शकतो. दरवाजे वाढवण्याचा हा आपल्याकडचा मार्ग. योगायोग असा, की त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते विदर्भ आणि केरळ. विदर्भाच्या बाजूने त्या आसनावर आता हर्ष दुबे बसला होता, तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. त्या सामन्यात त्याचे हंगामातले बळी ६९ झाले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी कुणी घेतले नव्हते.

सामना जामठ्याला, विदर्भाच्या मैदानावर होता. आदिलाबादहून नागपूरला जाणारा महामार्ग ४४ बुटीबोरी ओलांडला की त्या मैदानाच्या कडेनेच जातो. आपण दवाखान्याला, लग्नाला, कापसाच्या कामाला त्या रस्त्याने किती वेळा जातो. हिवाळ्यात तिकडे गेलात आणि मैदानात रणजीचा सामना चालू असेल, तर तासभर थांबा. मुलाला सोबत न्या. गर्दी नसते, त्यामुळे चेंडू टप्पा घेतल्याचा आवाज ऐकू येतो. गोलंदाजाच्या हाताकडे बघा, धावफलकाकडे नंतर.

तो अंतिम सामना २ मार्च २०२५ ला संपला. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, मुंबईत पद्माकर शिवलकर गेले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.